माळ्यावरच्या तबकड्या उतरवण्याआधी

रिसेप्शनच्या स्टेजशेजारी, नव्या कॅफेच्या काउंटरवर, बंगल्याच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला असा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आता जळगाव-धुळ्याकडेही दिसू लागलाय. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली पोरं सुट्टीत येताना सुटकेससारखा उघडणारा प्लेअर घेऊन येतात. मग घरात विषय निघतोच. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डची पेटी पडली आहे, तिला आता भाव आला का? आणि ही फॅशन टिकणार, की वर्षा-दोन वर्षांत हा नवा प्लेअरही त्याच माळ्यावर जाणार?

फॅशन आली आहे, यात वाद नाही. अमेरिकेतला हिशेब नीट ठेवलेला सापडतो, म्हणून तिथूनच सुरू करू. 2006च्या सुमारास त्या अख्ख्या देशात एलपी, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्ड, वर्षाला 10 लाखसुद्धा खपत नव्हत्या. 2022मध्ये खपल्या 4 कोटी 10 लाख, आणि सीडी 3 कोटी 30 लाख. सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त खपण्याची ही 1987नंतरची पहिलीच वेळ. 2024मध्ये आकडा 4 कोटी 40 लाखांच्या आसपास गेला. कंपन्यांनाही याचा वास आधीच लागला होता. पॅनासॉनिकनं टेक्निक्सचा प्रसिद्ध एसएल-1200 हा टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारा प्लेअर) 2010मध्ये बंद केला होता, तो 2016मध्ये पुन्हा आणला. सोनीनं जपानात 1989मध्ये थांबवलेली रेकॉर्डची छपाई 2018मध्ये परत सुरू केली.

आता हेच आकडे जरा दुरून बघा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वर्षाला 30 कोटींहून जास्त एलपी विकल्या जात. म्हणजे आजचा सगळा गाजावाजा तेव्हाच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याचा आहे. गाण्याच्या धंद्यातल्या पैशापैकी 80 टक्क्यांहून जास्त पैसा तिकडे स्ट्रीमिंगमधून येतो. त्याहून गमतीची गोष्ट ल्युमिनेट या कंपनीच्या 2023च्या अहवालात होती. तिथं वर्षभरात रेकॉर्ड विकत घेतलेल्यांपैकी निम्म्याच लोकांकडे ती वाजवायला प्लेअर होता. उरलेल्या निम्म्यांनी रेकॉर्ड घेतली, कव्हर पाहिलं आणि कपाटात उभी करून ठेवली. गाणं ऐकायला मोबाइल आहेच.

म्हणून माझं म्हणणं असं, की रेकॉर्ड परत आली आहे ती मालकीची वस्तू म्हणून. ऐकण्याचं साधन म्हणून तिचे दिवस गेले ते गेलेच.

खानदेशात तर हे आणखी ठळकपणे कळतं, कारण आपल्याकडे रेकॉर्ड फारशा लोकांच्या मालकीची कधी नव्हतीच. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधले साहेब, जळगावच्या सराफ बाजारातली मोठी घरं, रावेर-यावलकडचे बागायतदार अशा मोजक्यांकडे यंत्र असायचं. बाकी गावाला रेकॉर्ड ऐकवली ती लाऊडस्पीकरवाल्यानं. लग्नघरासमोरच्या निंबाला भोंगा बांधलेला, ओट्यावर अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी, शेजारी रेकॉर्डचं मशीन, आणि त्याला हात लावू नये म्हणून पोरांवर खेकसणारा माणूस. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूवरही खेळाआधी रेकॉर्डच वाजायची. ती वाजली की शिवारात असलेल्याला कळायचं, आता निघायला हवं. घरात यंत्र नाही, हातात तबकडी नाही, तरी गाणी पाठ. आणि आज जी फॅशन आली आहे ती बरोबर उलटी: यंत्र एकट्याचं, खोलीचं दार लावून ऐकायचं.

अहिराणी गाण्यांचा मोठा बहर तर रेकॉर्डच्या काळानंतरचा. कॅसेट आली, मग व्हीसीडी, मग यूट्यूब, आणि त्या वाटेनं अहिराणी गाणं लग्नाच्या डीजेपर्यंत पोचलं. त्यामुळे ‘आपल्या गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड’ शोधायला निघालेल्याला हिंदी सिनेमा, नाट्यसंगीत, भजनं आणि लावण्याच जास्त सापडतील.

आता यंत्राकडे येऊ. हे एकदा समजलं की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात.

रेकॉर्डवर गोल गोल पुष्कळ रेघा दिसतात, पण खाच एकच असते, कडेपासून मध्यापर्यंत गुंडाळत गेलेली. बारा इंची एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेली बैलगाडीची चाकोरी उन्हाळ्यात वाळून दगडासारखी झाली, की गाडीला तिच्यातून बाहेर पडता येत नाही. चाकोरी वळेल तशी गाडी वळते, गचका असेल तिथं गचका खाते. सुईचं अगदी तसंच. खाचेच्या भिंती नागमोडी असतात आणि ती नागमोड हाच आवाज. तंबोऱ्याची तार सेकंदाला जितक्या वेळा थरथरली, तितक्या वेळा भिंत डावी-उजवी झालेली असते आणि सुईला तितक्याच वेळा हलावं लागतं. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन्ही भिंती 45 अंशांत तिरप्या असतात. एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसरीवर उजव्याचा, आणि एकच सुई दोन्ही वाचते.

खात्री करायची असेल तर प्लेअर चालू करून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवा, सुई टेकवा आणि कान जवळ न्या. सुईपाशीच बारीक, किरकिऱ्या आवाजात गाणं चाललेलं ऐकू येतं. स्पीकर नाही, तारही नाही, नुसती सुई गाते. जुन्या चावीच्या ग्रामोफोननं हेच केलं: सुईच्या टोकाचा थरथराट एका पातळ पडद्याला दिला आणि कर्ण्यानं तो मोठा केला. विजेचा संबंधच नव्हता.

विजेवरच्या यंत्रात सुईच्या मागे इवलंसं चुंबक आणि वेटोळी असतात. सुई हलली की चुंबक हलतं आणि वेटोळ्यात वीज तयार होते. पण किती? साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट. म्हणून टर्नटेबलची वायर थेट ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्समध्ये खुपसली की आवाज अगदी क्षीण येतो, तोही चिरका. पुष्कळ जण इथंच ‘मशीन खराब निघालं’ म्हणून परत पाठवतात. मशीन बरं असतं, मध्ये ‘फोनो प्रीअ‍ॅम्प’ नावाची छोटी डबी हवी असते.

ती डबी आवाज नुसता मोठा करत नाही. ढोलकीचा घुमारा खाचेत जसाच्या तसा कोरला, तर खाच इतकी रुंद झोके घेईल की शेजारच्या फेरीत घुसेल आणि एका बाजूला पाच-सात मिनिटांपलीकडे काही मावणार नाही. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि बारीक स्वर वाढवून कोरतात. वाजवताना उलटं करायचं: खर्ज वाढवायचा, बारीक स्वर दाबायचे. स्वर दाबताना त्यांच्यासोबत सुईची खरखरही दबते, हा दुसरा फायदा. किती कमी आणि किती जास्त, याचं एकच माप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं 1954मध्ये ठरवून दिलं. पुढे ते जगभर चाललं आणि आजही तेच चालतं.

आता ‘रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा चांगला’ या वादाबद्दल. मोजमाप विचाराल तर नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर 96 डेसिबलपर्यंत नेता येतं. चांगल्या एलपीवर 60-70च्या पुढे जाणं अवघड. शिवाय मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीनं तबकडी फिरताना कडेची खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटरभर सरकते आणि मध्याजवळची 20-21 सेंटिमीटरच. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा म्हटल्यावर शेवटचं गाणं थोडं फाटतंच. कान तयार असलेल्याला ते जाणवतं. तरी रेकॉर्ड ऐकायला काही वेळा खरंच बरी वाटते, कारण सीडी आणि स्ट्रीमिंगसाठी तयार होणाऱ्या गाण्यांत गेली तीसेक वर्षं सगळाच आवाज ठासून मोठा करायची खोड लागली आहे आणि एलपीसाठी बऱ्याचदा वेगळी, मोकळी प्रत तयार करतात. म्हणजे श्रेय प्लास्टिकचं कमी आणि प्रत तयार करणाऱ्याचं जास्त. 2022मध्ये तर मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड बनवताना मध्ये एक डिजिटल पायरी असते, हे उघड झालं. शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून वर्षानुवर्षं त्यांची तारीफ करणाऱ्या जाणकारांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली.

मग लोक घेतात कशासाठी? स्ट्रीमिंगवर सगळं आहे, पण आपलं काही नाही. महिन्याचे पैसे थांबले की कपाट रिकामं. बारा इंची कव्हर हातात धरायला मोठं देखणं असतं. आवडत्या गायकाला स्ट्रीमिंगमधून पैशाचा अंश मिळतो, रेकॉर्डमधून नोट मिळते, हे चाहत्यांना कळलंय. 2008पासून अमेरिकेतली दुकानं मिळून ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा करतात आणि त्या दिवसापुरत्या खास प्रती काढतात. टेलर स्विफ्टसारखे मोठे कलाकार एकाच अल्बमच्या चार-पाच रंगांच्या, कव्हरांच्या प्रती काढतात आणि चाहते सगळ्या घेतात. भारतात ही लाट अजून छोटी आहे. मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे नावाजलेलं दुकान बंद पडलं 2016मध्ये, म्हणजे बाहेर रेकॉर्डचा खप चढत असताना.

खरं तर आपला या धंद्याशी संबंध फार जुना. 1902मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जाननं गायलं, गाण्याच्या शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असं खणखणीत सांगितलं, आणि तो आवाज जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन छापून परत आला. 1908मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीसाठी लागणारी लाख तर जगाला आपणच पुरवत होतो. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणून तासभर रंगणारा राग आणि वन्समोअर घेणारं नाट्यपद दोन्ही त्या मापात कापून बसवावी लागली. केसरबाई केरकरांची भैरवीही त्याच साच्यातली, साडेतीन मिनिटांची. ती 1977मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली आणि अजून सूर्यमालेबाहेर निघालेलीच आहे. सोबत सुई पाठवली आहे आणि ती कशी वापरायची याचं चित्रही. पुढे कॅसेटनं आधी एलपी मारली, सीडीनं उरलीसुरली, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडची छपाई थांबली. 2024मध्ये मुंबईत एका नव्या कारखान्यानं ती पुन्हा सुरू केली. तरीही नवी एलपी घ्यायची म्हणजे दोन हजारांच्या पुढेच तयारी ठेवायची.

प्लेअर घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सुटकेसवाला घेऊ नका. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि सुईचा दाब बहुधा पाच ग्रॅमच्या घरात. बऱ्या टर्नटेबलमध्ये तो दीड-दोन ग्रॅमवर येतो आणि मागचं वजन फिरवून कमी-जास्त करता येतो. शिवाय सुटकेसमध्ये स्पीकर त्याच डबड्यात, त्यामुळे आवाज वाढवला की सुई स्वतःच्याच गाण्यानं उड्या मारते. पूर्वी अशी सुई उडाली की हेडवर चार आण्याचं नाणं ठेवायचे. सुई जाग्यावर बसायची खरी, पण खाच खरवडली जायची. तीच रेकॉर्ड आज वाजवून पाहा, नाण्याचा हिशेब ऐकू येतो. भाच्यानं अमेरिकेतून आणलेला जुना टर्नटेबल असेल तर 110 व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरनं सुटेल, पण थेट विजेवर चालणारी मोटर तिकडच्या 60 हर्ट्झची असेल तर इथल्या 50वर हळू फिरेल आणि लताबाईसुद्धा जाड्या आवाजात गातील. अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना ही अडचण नाही.

आणि तो पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन? बाजारातले बहुतेक नवे आहेत. चकचकीत पितळ, षटकोनी किंवा अष्टकोनी पेटी, कुत्र्याचं चिकटवलेलं चित्र आणि आत कुठल्या तरी जुन्या यंत्राची मोटर. शोभेला ठेवा. एलपी मात्र त्यावर चुकूनही लावू नका. लोखंडी पिन आणि सव्वाशे ग्रॅमच्या आसपासचं डोकं एका फेरीत तिचा जीव घेईल.

पेटी माळ्यावरून उतरवलीत तर पहिलं काम वेगळं करण्याचं. जड, ठिसूळ, दहा इंची आणि बोटानं टिचकी मारली की बशीसारखी वाजणारी ती लाखेची, 78च्या गतीची. 1948मध्ये अमेरिकेत एलपी आली तरी आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्ड सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघत होत्या. हलकी, थोडी लवचीक ती व्हिनाइल या प्लास्टिकची, 33⅓ किंवा 45ची. दोघींच्या खाचा वेगळ्या आहेत. लाखेच्या तबकडीची सुई एलपीच्या सुईच्या जवळपास चौपट जाड लागते. प्लेअरवर 78चं बटण आहे म्हणून एलपीच्याच सुईनं लाखेची रेकॉर्ड लावली, तर सुई खाचेच्या तळाला लोळते, नुसती खरखर येते आणि सुईही जाते. सुई बदलून मिळते, ती आधी आणा.

धुताना तर आणखी सांभाळा. इंटरनेटवर सगळीकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगतात. ते व्हिनाइलला जपून चालतं. लाखेच्या तबकडीला लावलंत तर तबकडीच विरघळेल. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, तो चपडा म्हणजे हीच लाख. तिला मऊ ब्रश, फार तर डिस्टिल्ड पाण्यानं ओलसर केलेलं फडकं, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसायचं.

आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू मात्र ऊन. भुसावळला मे महिन्यात पारा 45-46ला टेकतो, आणि बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बराच वर जातो. व्हिनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आडव्या रचलेल्या रेकॉर्डची त्यात पापडासारखी लाट होते आणि ती सरळ करायचे इस्त्री-काचेचे घरगुती उपाय बहुधा खाचच बिघडवतात. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा, खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला. वैशाखातल्या कोरड्या हवेत व्हिनाइलवर स्थिर वीज साठते आणि ती धूळ ओढून घेते, म्हणून सकाळी किंवा ओलसर हवा असताना पुसलेलं बरं. पावसाळ्यात उलट कव्हरला बुरशी धरते.

राहिला भावाचा प्रश्न. ज्या हिंदी सिनेमांच्या एलपी भरपूर खपल्या त्या आजही भरपूर आहेत, त्यांना फार भाव नाही, मग सिनेमा कितीही गाजलेला असो. किंमत असते ती कमी छापलेल्यांना: ओडियन किंवा यंग इंडियासारख्या जुन्या लेबलांवरची मराठी गाणी, कीर्तनं, पोवाडे, तमाशाचे वग, आता कुणाला नावही आठवत नाही अशा गायकाचं एखादं पद. लेबलवरचा नंबर, कंपनीचं नाव आणि मधल्या गुळगुळीत भागात कोरलेली अक्षरं, तिन्हींचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि यादी करा. मुंबईत 1990पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ अशा तबकड्यांची नोंद ठेवत आली आहे. अशा जाणत्या संग्राहकाला यादी दाखवली की दुर्मीळ काय आणि साधं काय ते कळतं. भंगारवाल्याला लाखेच्या तबकडीचे किलोलाही पैसे येत नाहीत, तो ती फोडून टाकतो. विकायचीच असेल तर विका, पण त्याआधी योग्य सुईच्या यंत्रावर एकदा वाजवून संगणकात उतरवून घ्या.